अक्काला उतरवणारी गाडी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी पाण्याच्या जुन्या मोटरीवरून भांडत होतो. जुन्या मोटरी, पंप आणि त्यांचे सुटे भाग हा माझा धंदा. हमालीपासून सुरुवात करून तो उभा केला. भाव करताना मी सख्ख्या बापालाही सोडणार नाही असं लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही. फोन दाजींच्या शेजारणीचा होता. "भाऊ, लगेच या. दाजी गाडीपाशी पडलेत… मला वाटलं काम करायलेत. मघापासून हाक मारतेय…" गिऱ्हाईक अजून माझ्यासमोर बोटं नाचवत होतं. "ने," मी म्हणालो, "तू म्हणशील त्या भावात ने." तो इतका घाबरला, की मोटर तिथंच ठेवून निघून गेला.

विजापूर रस्त्याच्या बाजूला दाजींचं बैठं घर आहे. अंगणात पत्र्याच्या सावलीत त्यांची ती जपानी गाडी उभी होती, बाजूचा सरकता दरवाजा उघडा, आणि दरवाजाखाली पोत्यावर दाजी आडवे. बोटांना ग्रीस तसंच. डॉक्टर माझ्या आधीच येऊन गेले होते. माझी बहीण, म्हणजे अक्का, चाकाच्या खुर्चीत उंबऱ्याच्या आत बसलेली होती. मणक्याच्या आजारात तिचे पाय गेले त्याला बरीच वर्षं झाली. ती रडत नव्हती. मला म्हणाली, "हितनं मला त्यांचे पाय दिसत होते, मल्लू. हलत न्हवते, तरी वाटलं, काहीतरी विचार करत पडले असतील…" दाजींची तशी सवयच होती. एखादा बिघाड सापडेना की ते गाडीखाली पडल्या पडल्या विचार करत राहायचे, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, माणूस झोपला.

ती गाडी कशी आली ते सांगितल्याशिवाय दाजी सांगता येणार नाहीत. कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त होऊन सोलापुरात आले आणि अक्कासाठी गाडी शोधायला लागले. पुण्यात एका व्यापाऱ्याने आपल्या म्हाताऱ्या आईसाठी जपानहून आठ जणांची गाडी मागवली होती. आई गेली आणि गाडी नुसती उभी होती. तिची मधली सीट बटण दाबलं की दरवाजाकडे वळायची, बाहेर यायची आणि चाकाच्या खुर्चीच्या उंचीवर खाली उतरायची. दाजी मला भाव करायला म्हणून पुण्याला घेऊन गेले. वाटेत मी सगळं ठरवलं होतं, टायरपासून सुरुवात करायची, मग वय, मग सुटे भाग मिळत नाहीत हे. तिथं पोचलो, त्या माणसाने किंमत सांगितली, आणि मी तोंड उघडायच्या आत दाजींनी त्याचा हात हातात घेतला. "ठरलं." बस. परतीच्या वाटेवर दौंडपर्यंत मी मनात किती पैसे सुटले असते ते मोजत आलो. शेवटी न राहवून विचारलं, "मग मला कशाला आणलं होतं, शोभेला?" दाजी म्हणाले, "मल्लूशेठ, आईची गाडी म्हणताना त्या माणसाचा आवाज बसला की हो. त्याला काय घासायचं?" लोकांना यात मोठेपणा दिसेल. मला त्या दिवशी अपमान दिसला, आणि आजही दिसतो.

गाडी आली आणि अंगणाचं वर्कशॉप झालं. किल्ली फिरवली की एक बाई जपानीत काहीतरी लांबलचक बोलायची. "व्हय बाई, निघालोच," दाजी तिला उत्तर द्यायचे आणि अक्का हसायची. आत सगळीकडे जपानी अक्षरांच्या सूचना चिकटवलेल्या. त्यातली एकही कळायची नाही, म्हणून प्रत्येक बटण दाबून दाबून शिकावं लागलं. थंड मुलखातली गाडी, सोलापूरचा मे महिना तिला कुठून सोसणार? पहिल्याच उन्हाळ्यात ती तापून उकळली. दाजींनी इथेच जाड रेडिएटर बनवून घेतला आणि पुढे जादा पंखा बसवला. दरवाजाची चाकं झिजली, तर माझ्या दुकानातल्या बेअरिंगवर नवी बसवली. मागे बघायला कॅमेरा लावला. अक्काला मान वळवायला त्रास व्हायचा, म्हणून त्याचा पडदा तिच्यासमोर. मग अक्काच मागून हुकूम सोडायची, "थांबा, कुत्रं हाय… या आता." रविवारी मी भाग घेऊन जायचो, भांडायचो आणि जेवून यायचो. भागाचा दर दाजी कधी विचारायचे नाहीत. दर न विचारणाऱ्या माणसाशी कसं वागायचं हे मला आजवर कळलेलं नाही.

मला ती गाडी पटत नव्हती, हे मी लपवलं नाही. कधी कुठे बंद पडेल याचा भरवसा नाही, आणि आत माझी बहीण. एकदा मी एका ओळखीच्या विक्रेत्याला घासून घासून नवी कोरी मोठी गाडी ठरवली आणि थेट दाजींच्या दारात आणून उभी केली. दाजींनी तिला एक फेरी मारली. दार उघडलं, सीटच्या कडेला पाठ लावून उभे राहिले. सीट त्यांच्या कमरेला लागली. "छान हाय," ते म्हणाले. "परत न्या." मी म्हणालो, "का पण? माझ्या हातची म्हणून?" त्यांनी गाडीचं दार लावलं. मी अंगणात उभा राहून नाही नाही ते बोललो. आतून अक्का ऐकत होती.

मग वळसंगचा प्रसंग. वळसंग आमचं गाव, अक्काचं माहेर, तिथं चुलत भावाच्या मुलीचं लग्न होतं. मी आधीच पोचलो होतो. दाजी आणि अक्का गाडीने निघाले आणि गावाच्या अलीकडे, भर उन्हात, गाडी गपकन बंद. मी मोटरसायकल काढून गेलो. बघतो तर अक्का आत घामाने निथळतेय आणि दाजी खिडकीशी छत्री धरून उभे. विजेचा दाबच नाही, त्यामुळे सीटही बाहेर येईना. शेतातले लोक जमले होते. एक जण म्हणाला, "चला की, उचलून टेम्पोत बसवू ताईला." अक्का म्हणाली, "नगं. मी हितंच बसते." मी तिच्यावर ओरडलो. दाजींवर त्याहून जास्त ओरडलो. मग बॉनेट उघडलं.

बिघाड मी शोधला. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही. वर्कशॉपातल्या सवयीने दाजी जो भाग उघडतील तो घासून, रंग मारूनच परत बसवायचे. बॅटरीची एक तार गाडीच्या पत्र्याला आवळलेली असते, तिथंही त्यांनी कौतुकाने राखाडी रंग लावला होता. रंगातून वीज जाते होय? मी जुनी मोटर घेताना रंगावर कधी विश्वास ठेवत नाही, नाण्याने खरवडून आतलं लोखंड बघतो. तसंच खरवडलं, तार पुन्हा आवळली, आणि गाडी सुरू. जपानी बाई बोलली. लग्नात लोकांनी उशिराचं कारण विचारलं, तर दाजी म्हणाले, "गाडी जरा तापली होती." एवढंच! मल्लूने शोधलं, हे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडून शेवटपर्यंत निघाले नाहीत.

दाजी गेले त्या दिवशी ते त्या सीटचंच काम करत होते. तिच्या खालची सरकती पट्टी उघडलेली, आणि बारीकसारीक भाग फडक्यावर निघाले त्या क्रमाने मांडलेले. पण घरातून मयत निघालं की मागे अंगण झाडून, पाणी टाकून धुतात. आम्ही स्मशानात होतो तेव्हा बायकांनी रीतीप्रमाणे अंगण धुतलं. बेअरिंगच्या गोळ्या, वॉशर, स्क्रू, पट्ट्या, सगळं झाडून एका बादलीत भरलं. कुणाची चूक म्हणायची? ज्या घरात कुणी मेलं त्या घरात फडक्यावरचे स्क्रू कोण बघतं?

अस्थी आणल्या. त्या घरात घेत नाहीत, म्हणून मडकं फडक्यात बांधून कुंपणाबाहेरच्या लिंबाला टांगलं. भीमा आणि सीनेच्या संगमावर सोडायच्या ठरल्या. अक्का म्हणाली, "माझ्या हातनं सोडणार." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दाजींचे धाकटे भाऊ समजुतीने म्हणाले, "उचलून नेऊ की वहिनी. चार माणसं हाईत."

"उचलून न्यायचं ते त्यांना नेलं," अक्का म्हणाली. "मला न्हाय."

मला वळसंगचा रस्ता आठवला, छत्री आठवली. सगळे बाहेर गेल्यावर मी तिच्याजवळ बसलो. ती हळू आवाजात बोलली. आजारपणात इस्पितळात तिला सारखं उचलायचे. कुणाचा हात कुठं लागायचा, लुगडं कुठं जायचं… घरी आल्यावर तिने दाजींना सांगितलं होतं, की यापुढे मला कुणी उचलायचं न्हाय, तुम्हीसुद्धा. म्हणून ती गाडी. खुर्चीवरून सीटवर ती फळी टाकून स्वतःच्या हातांवर सरकायची. म्हणून दाजींनी माझी नवी गाडी कमरेने मोजून परत पाठवली. मी म्हणालो, "मला का नाही सांगितलं? मी काय परका होतो?" ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दहा जणांना विचारून, कुठनंतरी स्वस्तात दुसरी सीट घेऊन आला असतास. सगळ्या बाजारात बोभाटा झाला असता." ते खोटं नव्हतं. पण सांगायला हवं होतं. दाजींनी तरी.

अस्थी तेराव्याच्या आत सोडायच्या असा सगळ्यांचा धोशा. मी दुकान बंद ठेवलं आणि बादली घेऊन अंगणात बसलो. ओळखीचा एक मिस्त्री बोलावला. आम्ही भाग वाळवले, जुळवले, सीट बसवली. बटण दाबलं, ती वळली, बाहेर आली, उतरली. मी स्वतः बसून पाहिलं, झकास. मग अक्का तिच्यावर सरकली. मी बटण दाबलं, आणि सीट अर्ध्यावर येऊन अशी झटकली, की अक्का पुढे कलंडली. तिने दाराचा दांडा धरला म्हणून वाचली. मी धरायला हात पुढे केले, तर तशातही ती म्हणाली, "हात नगं." सीट उलटी फिरवून परत खाली घेतली. ती फळीवरून खुर्चीत सरकली.

मिस्त्री म्हणाला, "आपण बसलो तेव्हा नीट होती की." त्यावर अक्का खुर्चीतून मला म्हणाली, "तसं बसून न्हाय कळायचं. तुझे दाजी पाय बांधून बसायचे."

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. सीटचं काहीही काम केलं, की दाजी टॉवेलने स्वतःचे दोन्ही पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आवळून घ्यायचे, हात मांडीवर ठेवायचे आणि तिला बटण दाबायला लावायचे. पायात जोर असलेला माणूस नकळत पाय रोवतो, स्वतःला सावरतो, मग सीटचा दोष त्याला कळत नाही. दर वेळी ते असं करायचे. मी दर रविवारी त्या घरात जेवत होतो, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

टॉवेल मागितला. मिस्त्रीला चहाला पाठवलं. पाय बांधले, हात मांडीवर ठेवले आणि अक्काला म्हणालो, "दाब." सीट वळली, बाहेर आली… आणि त्या एका जागी झटकली. समोर फरशी, आणि तिच्यावर टेकायला मला पाय नाहीत. मी बोंबललो असेन, कारण अक्का म्हणाली, "वरडू नगं, शेजारचे येतील." पण झटका नेमका कुठे बसतो ते कळलं. पट्टी उघडली, तर तिथली एक प्लॅस्टिकची चकती नव्हती. अंगण धुताना पाण्याबरोबर मोरीत गेली असणार. दुकानातल्या एका पंपाच्या नायलॉनमधून मी तशी चकती कापली, सगळी पट्टी नव्याने ग्रीसमध्ये घातली. पुन्हा पाय बांधले. पुन्हा उतरलो. पुन्हा कापली. अक्का बटणावर बोट ठेवून बसली होती आणि चुकत होतं ते सांगत होती. शेवटी सीट अशी उतरली, की ती थांबली कधी ते कळलंही नाही.

संगमावर मी गाडी वाळूतून पार पाण्याच्या कडेला नेली, दोन चाकं पाण्यात. भावकी मागे उभी होती. विधीसाठी आलेले जाधव गुरुजी, काका, पुतणे, कुणीही पुढे आलं नाही, कारण मी सगळ्यांना आधीच दम दिला होता. दरवाजा सरकला, सीट वळली आणि अक्का, मडकं मांडीवर घेऊन, नदीकडे तोंड करून बाहेर आली. हळूहळू खाली उतरली. तिची पावलं पाण्यात टेकली. तिला ते जाणवलं नसेल, पण ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग वाकली आणि तिने स्वतःच्या हाताने मडकं पाण्यात सोडलं. कुणाचा हात तिला लागला नाही.

माझी दाजींवरची तक्रार मिटलेली नाही. मिटवायला ते राहिले नाहीत आणि एकट्याने मिटवण्यात मला गोडी नाही. पण रविवारी जेवणाआधी मी त्या अंगणात जातो, सीटवर बसतो आणि टॉवेलने पाय बांधून घेतो. अक्का खुर्ची घेऊन बटणापाशी येते. आयुष्यभर मी प्रत्येक गोष्टीत हात घातला, जोर लावला, ओढून घेतलं. त्या सीटवर तसं काही करता येत नाही. हात मांडीवर ठेवायचे, आणि तिने बटण दाबायची वाट बघायची.