वहिनीची काच

रक्ताच्या काचा वाचणं हे माझं काम. मलेरिया नाही असं सांगण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली काचेवरच्या निदान शंभर जागा बघायच्या, असा नियम आहे. वहिनीच्या काचेवर मी तीसच बघितल्या.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माघात जोतिबाला पाच रविवार चालत खेटे घालायची. दुसऱ्या खेट्यानंतर नातवाच्या बारशाला लेकीकडं मुंबईला जाऊन आली. शेवटच्या खेट्याच्या आदल्या दिवशी अंगात ताप घेऊन ती लॅबमध्ये माझ्या समोर बसली होती.

"भावजी, सांगा की लवकर. उद्या चालायचं हाय."

"गाडीनं जावा की."

"गाडीनं जायाला तुमच्यागत ढेरी न्हाय सुटली मला."

घरच्या माणसाचा रिपोर्ट आम्ही तोंडीच देतो. कागद नाही, त्यामुळं डॉक्टरांची नजर नाही. मी हसत म्हणालो, "काय न्हाय त्यात. जावा."

खरं तर एक गोष्ट दिसली होती. ज्या पांढऱ्या पेशी अजून हाडातच पिकायच्या, त्या कोवळ्याच रक्तात आल्या होत्या. बघितलं आणि काच सरकवली.

दुसऱ्या दिवशी ती डोंगराच्या चढावर कोसळली. तिसऱ्या दिवशी गेली. मलेरिया मेंदूत चढला होता. मुंबईची लेक छाती बडवून म्हणाली, "मीच बोलवून घेतलं आईला." मी शेजारीच उभा होतो.

महिन्यानं, भर दुपारी लॅब रिकामी असताना मी ती काच पुन्हा लावली. एकतिसाव्या जागेवर जंतू होता, तांबड्या पेशीत अंगठीसारखा. मग पुढं अंगठ्याच अंगठ्या. आमच्या डॉक्टरांना मी कुणाची काच ते न सांगता कोवळ्या पेशींचं विचारलं. ते म्हणाले, "हाडाच्या मगजातल्या मूळ पेशी सगळ्या रक्ताच्या आया. हल्ल्याची हाक पोचली की शिपाई घडवायला लागतात. फारच निकड असली तर अर्धेकच्चेही धाडतात."

म्हणजे ती माझ्या ढेरीवर हसत होती तेव्हा तिच्या हाडांना सगळं कळलं होतं. माझ्या डोळ्यांपुढं त्यांनी पोरं धाडली होती. वहिनी जाळून राख झाली, पण तिची ती पोरं काचेवरच्या जांभळ्या रंगात, शनिवारी होती तिथंच अजून थांबलेली. त्या दिवसापासून काच लावली की समोरच्या रिकाम्या स्टुलाकडं बघवत नाही. तिथून कुणीतरी घाईनं श्वास घेतंय असं वाटतं.

गेल्या आठवड्यात भावाला सांगितलं. तो लॅबमध्ये आला, भिंगाला डोळा लावून बसला.

"ह्यात ती कुठली?"

"सगळीच."

त्यानं डोळा काढला. मग म्हणाला, "मला सांगून काय उपेग? पोरगी तिकडं सवताला खात बसलीया."

त्यानं लेकीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडून ती म्हणाली, "बोला, काका."