संक्रांतीआधीच्या काचा

ही पोस्ट टाकू नये म्हणून अब्बांनी सकाळी माझा फोन काढून घेतला होता.

"कावून नाव टाकायलास बे? नुसतं 'एक मास्तर' लिही."

अब्बा का घाबरतात ते मला कळतं. वाळूचोरीची बातमी टाकणाऱ्या आमच्या पोर्टलवाल्या मित्राची गाडी मागच्या महिन्यात जाळली. तेव्हापासून आम्ही मित्र त्याला एकट्याला कुठं जाऊ देत नाही.

पण उद्या गुढीपाडवा. म्हणजे आज मास्तरांचा दिवस.

मी दहावीपर्यंतच शिकलो. वडवणीत बांगड्यांचं दुकान आहे. दादांनी, म्हणजे आजोबांनी, जे सांगितलं तेवढंच लिहितोय. पदरचं काही नाही.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमच्याकडच्या बातम्या छापणारी वर्तमानपत्रं पलीकडं इंग्रजी हद्दीत, नगरच्या बाजूला. ती इकडं आणायलाही बंदी.

मास्तर तेलगावात पोरांना शिकवायचे आणि चोरून बातम्या लिहायचे. छापून आल्या तरी नाव नसायचं. नुसतं 'आमच्या बातमीदाराकडून'.

त्या बातम्या हद्दीपार न्यायचे माझे परदादा, म्हणजे दादांचे वडील, करीमभाई मणियार.

बाया नव्या बांगड्या भरतात तेव्हा जुन्या उतरवतात. त्या फुटक्या काचा पोत्यात भरून परदादा नगरला विकायचे, वितळवायला. मास्तरांचा कागद पोत्याच्या तळाशी.

नाक्यावरचा जमादार पोत्यात कधी हात घालायचा नाही.

काचांत कोण हात घालेल?

मग एका थंडीत, वेठीला गेला नाही म्हणून एकाला चावडीत मारलं. तो मेला. सरकारी कागदावर लिहिलं, तापानं गेला.

मास्तरांनी त्याच दिवशी बातमी लिहिली. परदादा म्हणाले, संक्रांत होऊ द्या. मास्तर म्हणाले, तोवर लोकांना तापच खरा वाटायला लागेल.

परदादा निघाले.

जमादारानं पोतं पाहिलं. त्याच्या घरीसुद्धा परदादाच बांगड्या भरायचे.

"करीमभाई, संक्रांत व्हायची हाय अजून. बायांनी जुन्या उतरवल्याच न्हाईत. एवढ्या काचा आणल्या कुठून?"

परदादांनी दुकानातल्या नव्या कोऱ्या बांगड्या फोडून पोतं भरलं होतं.

पोतं रस्त्यावर उपडं झालं.

ठाण्यात परदादांना एकच विचारत होते, लिहिलं कुणी. मारत होते आणि विचारत होते. परदादा म्हणत राहिले, मला वाचता येत नाही, मी काचा बांधायला कागद घेतला.

डाव्या हाताची बोटं त्यांना पुढं कधी मिटता आली नाहीत.

मग मास्तर स्वतःच चालत ठाण्यात आले.

"अक्षर माझं हाय. ह्याला सोडा."

परदादा घरी आले.

मास्तर पाडव्याच्या आदल्या दिवशी आले. बैलगाडीत, घोंगडीखाली.

कागदावर पुन्हा ताप.

त्यांच्या बायकोच्या हातातल्या बांगड्या परदादांनी भरलेल्या होत्या. त्या फोडल्या. तिनं एक एक तुकडा वेचून पदरात घेतला आणि दुसऱ्या दिवशी परदादांच्या दारात आली. तुकड्यांत एक चिठ्ठी होती. लिहायला तिला मास्तरांनीच शिकवलं होतं. चिठ्ठीत दोन्ही मयतं होती, चावडीतलं आणि कोठडीतलं.

"ह्या टायमाला काचा खऱ्या हाईत, भाई."

परदादांनी ते तुकडे चिठ्ठीसकट एका पोत्यात घातले. दादा म्हणायचे, बाप पुन्हा त्याच वाटेनं गेला.

नाक्यावर तोच जमादार.

"कुणाच्या काचा?"

"मास्तरांच्या घरच्या."

पोतं एवढंसं. हात न घालताही आतलं दिसलं असतं.

जमादारानं खाली वाकून पोत्याच्या तोंडाची सुतळी आवळली. गाठ मारली.

बातमी छापून आली. खाली नेहमीसारखंच, 'आमच्या बातमीदाराकडून'.

दादा दरसाल आजच्या दिवशी दुकान उशिरा उघडायचे. नाव मात्र घरातसुद्धा हळू आवाजात घ्यायचे. मीही आज उशिराच उघडलंय.

मास्तर, तुमची ओळ आज पुरी करतो. काही झालं तर ते माझ्यावर.

बातमीदार: भानुदास गणपत शेवाळे, तेलगाव.

शेवटची बातमी: रखमाबाई भानुदास शेवाळे.

मणियारांच्या घराचा तुम्हा दोघांना सलाम.