खंडेनवमीच्या पाटावरच्या चार स्प्रिंगा

बाळांनो, गेल्या वर्षी तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं होतं की आजीला आता गाडी नीट चालवता येत नाही, ती स्पीडब्रेकरवरून गाडी उडवते. धाकटीने तर व्हिडिओ कॉलवर उडी मारून आजीची गाडी कशी उडते तेही करून दाखवलं होतं. तेव्हा मी हसले. पण ही गोष्ट तुमच्या डोक्यात अशीच राहिलेली मला चालणार नाही, म्हणून जे झालं ते क्रमाने लिहिते.

तुमच्याकडे मी पाच महिने राहायला आले, तेव्हा गाडीची किल्ली माझ्या पुतण्याला दिली होती. गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, तेव्हा आठवड्यातून एकदा फिरव, एवढंच सांगितलं होतं. परत आले तर गाडी जमिनीला टेकायला आलेली. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये माझं बोट जाईना.

“लो केलीय काकू,” पुतण्या कौतुकाने म्हणाला. “आता रस्ता धरून चालेल. तयार किट बसवलंय, एकदम ओरिजिनल.”

तीस वर्षांचा इंजिनियर सांगतोय म्हटल्यावर मी विश्वास ठेवला. माझी चूक तेवढीच.

पुढच्या दोन महिन्यांत गाडी प्रत्येक खड्ड्यात आपटू लागली. मागून खडखड आवाज, आणि चाकाच्या आत शॉकअॅब्सॉर्बरवर तेलाचे ओघळ. गंगापूर रोडवरच्या गॅरेजमध्ये चारही शॉक नवे बसवून घेतले. तीन महिन्यांत तेही गळायला लागले. त्या संध्याकाळी पुतण्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं, “काकू गाडी चालवत नाहीत, रॉकेट सोडतात. दुसऱ्यांदा शॉक गेले!” खाली अकरा जणांचे हसरे चेहरे. त्यातला एक तुमच्या बाबांचा.

मग सगळ्यांना माझी काळजी वाटू लागली. तुमच्या बाबांचा फोन आला, “आई, बास आता. दसऱ्याला गाडी देऊन टाक.” कोणाला द्यायची तेही ठरलं होतं. पुतण्या म्हणाला होता, “मी घेतो की. घरातली गाडी घरातच राहील.”

तुम्हाला माहीत आहे, दर शनिवारी मी हरसूलला जाते. तिथल्या वसतिगृहातल्या मुलींना इंग्रजी शिकवते. बसने जायचं तर तो घाट, ते थांबे. माझ्या गुडघ्यांना ते झेपत नाही. गाडी गेली की शनिवार गेला, आणि शनिवार गेला की मी नुसती औषधं वेळेवर घेणारी बाई उरले असते.

दसऱ्याला तीन आठवडे होते. पिंपळगाव बसवंतला माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, तिचा द्राक्षांचा धंदा आहे. तिचे टेम्पो दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे मी गाडी घेऊन गेले. त्याने गाडीच्या कोपऱ्यावर हात दाबून सोडला. गाडी पाळण्यासारखी झुलत राहिली. मग तो खाली शिरला आणि तिथूनच हसू लागला.

“मावशी, शॉक तिसऱ्यांदा बी जातील. शॉकचा दोष नाय.”

“मग माझा?”

“तुमचा कशाला? ह्ये बघा.” त्याने स्प्रिंग काढून माझ्यासमोर धरली. “कंपनीच्या स्प्रिंगचं टोक आसं आसतं का? ग्राइंडरनं दीड वेढा कापलाय. चारीच्या चारी. शॉकला हलायला जागाच नाय ठिवली, त्यो खाली आपटून आपटून फुटनारच. कोनी केलं?”

“घरातल्याच माणसाने.”

“लय हुशार हाय,” मिस्त्री म्हणाला. “मागच्या शिटवर बसवा त्येला.”

त्याने मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा आणि नवे शॉक बसवले. गाडी चार बोटं वर आली. कापलेल्या स्प्रिंगा मी पोत्यात घालून घरी आणल्या आणि गाडीवर कव्हर घातलं. कोणाला एका शब्दाने सांगितलं नाही. रोज दुपारी रॉकेल आणि ब्रशने एकेक टोक घासत बसायचे. ग्राइंडरच्या रेषा स्वच्छ दिसायला हव्या होत्या. खरं सांगते, इतक्या वर्षांत इतका आनंद मला कशानेच झाला नव्हता.

तुमच्या आजोबांची हत्यारं आपल्याकडेच आहेत, त्यामुळे खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेसाठी सगळं घर माझ्याकडे जमतं. पूजा करतो पुतण्या, कारण इथे असलेल्या मुलांत तो थोरला. मी पाट मांडला. विळी, कात्री, आजोबांचे पाने, हातोडी, करवत. आणि शेवटी ओळीने चार स्प्रिंगा, प्रत्येकीला माझ्या अक्षरातली चिठ्ठी: पुढची डावी, पुढची उजवी, मागची डावी, मागची उजवी. शेजारी एक अख्खी स्प्रिंग, मिस्त्रीकडून मागून आणलेली.

पुतण्या हळदकुंकू वाहत वाहत तिथवर आला आणि त्याचा हात थांबला.

“काकू, हे काय?”

“तुझं हत्यारकाम. वाहा, झेंडूही वाहा.”

माझे दीर, म्हणजे त्याचे वडील, चष्मा लावून वाकले. त्यांनी कापलेली स्प्रिंग अख्खीच्या शेजारी उभी केली. जन्म कारखान्यात गेलाय त्यांचा.

“वहिनी, ही कापलेली आहे.”

“हो भाऊजी. आणि ह्याला ओरिजिनल किट म्हणतात.”

“सगळेच कापतात, काकू,” पुतण्या पुटपुटला. “मला काय माहीत शॉक जातील.”

“पहिल्यांदा नसेल माहीत. दुसऱ्यांदा? ग्रुपवर काय लिहिलं होतंस ते वाच. मोठ्याने.”

त्याने वाचलं. या वेळी कोणी हसलं नाही. त्याच्या आईने प्रसादाचं ताट उगाच इकडचं तिकडे केलं. दीर एवढंच म्हणाले, “गाडी वहिनींकडेच राहील.”

दुसऱ्या दिवशी पुतण्या सोनं द्यायला आला, पाया पडला, म्हणाला, “विसरा आता.”

“चल,” मी म्हटलं, “मागच्या सीटवर बस.”

गंगापूर रोडचा एकही स्पीडब्रेकर मी सोडला नाही. प्रत्येक ओलांडला की आरशात बघून विचारायचे, “उडाली का रे?”

“नाही काकू.”

सातव्यानंतर त्याचा आवाज अगदी बारीक झाला. मी परत फिरले आणि तेच सगळे पुन्हा घेतले.

तीन स्प्रिंगा भंगारात दिल्या. चौथी माझ्या टेबलावर आहे, तिच्यात पेनं ठेवते. पुतण्या आला की त्याला समोरचीच खुर्ची देते. तुमचे बाबा म्हणतात, आई, जाऊ दे आता. त्यांनीही तेव्हा हसरा चेहरा टाकला होता, म्हणून त्यांचं मी एवढ्यात ऐकणार नाही.

हरसूलचा शनिवार चालू आहे. धाकटीला माझं एक काम सांगा. माझ्या या पुतण्याचा, म्हणजे तुमच्या काकाचा, व्हिडिओ कॉल आला की त्याला विचारायचं, आजीची गाडी कशी उडते. या वेळी उडी त्याने मारून दाखवायची.