तात्यांच्या ढोलाचे तुकडे

हे मी आजवर कुणापुढं बोललो नाही. बायकोपुढंसुद्धा नाही. आज बोलतोय, तुमच्यापुढं.

आधी एक ऐका — कामात मी पक्का आहे. सांगवीत बसून वरातीचे ठेके बनवतो. बारामती काय, इंदापूर काय, डीजेवाले माझेच ठेके वाजवतात. लांबलचक रेकॉर्डिंगमधून दणदणीत ठेके कापून त्यांच्या सुट्या फायली करणारी कॉम्प्युटरची स्क्रिप्ट मीच लिहिली. हळू आवाज आला की ती तो भाग टाकून देते. काम झालं की मूळ फाईलही पुसते — जागा अडायला नको म्हणून ती ओळ मीच घातलेली. केवढी ती हुशारी!

कऱ्हाटीचे तात्या स्वतः ढोल वाजवून धनगरी ओव्या गायचे. एका दुपारी त्यांचं रेकॉर्डिंग केलं. आधी ढोल, मग ओवी, मग ढोल थांबवून साध्या बोलीत कथा — अशीच रीत असते. कथेत त्यांनी आपल्या घराण्याची वाट सांगितली. आजा मेंढरं घेऊन कुठून कुठं गेला, कुठल्या विहिरीवर मेंढरांचा वाडा मुक्कामाला पडला, कोण कुठल्या माळावर जन्मलं. त्यांची लेक, शांताक्का, मला म्हणाली, "भाऊ, हे जपून ठेव. तात्यांबिगर कुणाला ठावं न्हाय."

घरी आलो, स्क्रिप्ट चालवली. चहा होईस्तोवर ठेके तयार! आणि कथा? तात्या कथा हळू सांगत होते हो... गेली सगळी. उरले ते ठेके, त्यांना मी माझं नाव दिलं.

तेव्हा तरी खरं सांगावं की नाही? छे! "मशीन बिघडलं तात्या, कायबी आलं न्हाय." असं का म्हणालो? रेकॉर्डिंग झालं म्हणालो असतो, तर ठेके कुणाचे हेही निघालं असतं. तात्या हसले. "त्यात काय मोठं? पुन्यांदा सांगतो की. कवा येतोस?"

येतो, येतो म्हणत वर्ष घालवलं. मला हवं ते मिळालं होतं ना — मग कशाला जातोय? पुढं तात्यांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. काही महिन्यांनी तात्याही गेले.

परवा बावड्यात एका वरातीला गेलो होतो. शांताक्का तिथं भेटली. डीजेवर माझा ठेका लागला आणि ती बोलता बोलता स्पीकरकडं वळली. ठेका संपताना तात्या डाव्या हाताची एक थाप जादा मारायचे. ती थाप आली तशी अक्कानं माझं मनगट धरलं.

"भाऊ, ह्यो हात तात्यांचा हाय."

"न्हाय अक्का," मी म्हणालो, "कॉम्प्युटरवर केलाय मी."

"व्हय?" तिनं मनगट सोडलं. "मला उगंच वाटलं बघ." आणि पदर सावरून ती वरातीमागं चालू लागली.

हात तात्यांचाच होता.