पलंगावरचा काळा चौकोन

घरोघरी कॅमेरे बसवणाऱ्या या गृहस्थांना गल्लीत सगळे पेटीवाले म्हणत. कंपनीच्या दूरच्या यंत्रावर चित्रं साठवणारा कॅमेरा त्यांनी कधीच कुणाकडे लावला नाही. रेकॉर्डिंगची पेटी ग्राहकाच्याच कपाटात बसे; किल्ली आणि पासवर्ड घरमालकाकडे सोपवले जात. “तुमच्या घरातलं उंबऱ्याबाहेर जाणार नाही,” हे त्यांचं वाक्य मला पाच ग्राहकांनी थोड्याफार फरकाने सांगितलं.

स्वतःच्या थोरल्या भावाकडे अंथरुणाला खिळलेल्या आईच्या खोलीतही त्यांनी पेटीच बसवली. भावाला मोबाइलवर कुठूनही दिसणारा कॅमेरा हवा होता. आईचं अंग पुसतात ते परक्यांच्या यंत्रावर ठेवायचं का, असं विचारून यांनी त्याला गप्प केलं. शिवाय आजाऱ्याच्या खोलीतली आपली नेहमीची रीत पाळून, पडद्यावर पलंगाच्या जागी काळा चौकोन टाकला.

दोन वर्षांनी एका दुपारी आईने त्यांना दंडावरचे काळेनिळे डाग दाखवले. सून चिमटे काढते, म्हणाली. भावाच्या मते आईच पलंगाच्या कठड्यावर आपटत होती, आणि या वयात भास व्हायचेच. मावशीला मध्ये घालून ठरलं: पेटीत दिसलं तर आई धाकट्याकडे, म्हणजे पेटीवाल्यांकडे जाईल, नाहीतर हा विषय पुन्हा निघणार नाही. पेटीवाले तत्काळ कबूल झाले. त्या क्षणी चौकोन आठवला होता का, हे ते आजही नीट सांगू शकत नाहीत.

पडद्यावर वहिनी आली, दार लावलं, बांगड्या मागे सारल्या आणि चौकोनाआड गेली. चार मिनिटांनी केस सारखे करत बाहेर आली. अशा अकरा नोंदी निघाल्या. चौकोन चित्रातच मुरतो, मागाहून पुसता येत नाही, हे त्या खोलीत एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

“दिसलं ना रे?” आईने पलंगावरून विचारलं.

“नाही दिसलं, आई.”

मावशीने पिशवी उचलली. निदान यापुढे तरी चौकोन काढू दे म्हणून त्यांनी भावाकडे पासवर्ड मागितला.

“घरमालकाकडेच राहायचा ना तो?” भाऊ हसला.

मग ते कॅमेराच उतरवायला स्टुलावर चढले.

“राहू द्या हो भाऊजी,” सासूची चादर नीट करत वहिनी म्हणाली. “उद्या पुन्हा कुणी आळ घेतला, तर दाखवायला बरा.”