परीक्षा संपेपर्यंत सांगू नका

नागपूरच्या विमानतळावर काचेच्या दारापाशी बाबा थांबले. मी सोळा वर्षांची, कॅनडात मावशीकडे राहून शिकायला निघालेली. मावशीला मूलबाळ नव्हतं आणि बाबांना माझ्या शिक्षणापुढे दुसरं काही दिसत नव्हतं. "रोज रोज फोन नको करू, अभ्यास कर," एवढंच म्हणाले आणि आईला घेऊन स्कूटरकडे वळले.

नागपुरात, इंदोऱ्यातल्या माझ्या शाळेत ऑफिसातून बोलावणं आलं की काहीतरी चुकलंय हे ठरलेलं. तिकडे कॅनडात गाइडन्स काउन्सेलर नावाची एक बाई, मिसेस हॉलंड, मुलांना बोलावून विचारायची, झोप लागते का, लंचला सोबत कोणी असतं का. मला तो चोंबडेपणा वाटायचा. मी सगळं 'फाइन' म्हणून सुटायची.

जानेवारीत, सेमिस्टरच्या परीक्षेच्या तोंडावर, तिनं मला भर वर्गातून बोलावलं. आत मावशी बसलेली. बाहेर एवढा बर्फ, आणि तिच्या पायात दोन वेगवेगळे बूट. मला वाटलं, मी गणितात नापास झाले.

मिसेस हॉलंड मावशीला म्हणाली, तुमच्या भाषेत सांगा, मी इथेच बसते.

"तुहे बाबा गेले," मावशी म्हणाली.

"कुठं?" मी विचारलं.

मावशी रडायला लागली तरी मला कळेना. आदल्या दिवशी तर आई फोनवर म्हणाली होती, बाबा बाजारात गेले. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. खरं तर तेव्हा बाबांना जाऊन एक दिवस झाला होता. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. घरच्यांनी ठरवलं, परीक्षा संपेपर्यंत पोरीला सांगायचं नाही. मावशीनंही मान्य केलं. फक्त शाळेत कोणीतरी लक्ष ठेवावं म्हणून सकाळी तिनं काउन्सेलरला फोन केला. मिसेस हॉलंड तिला म्हणाली, "तिचे वडील गेलेत. हे तिच्यापासून लपवायला मी मदत करणार नाही. तुम्ही या, आपण मिळून सांगू."

मला रडू आलं नाही. कानात नुसती हीटरची घरघर. पेपरांचं काय, असं मी विचारलं, त्याची आजही लाज वाटते. मिसेस हॉलंड म्हणाली, ते माझ्यावर सोड. सगळ्या शिक्षकांशी तीच बोलली, पेपर पुढे गेले, मला कोणाला काही समजवावं लागलं नाही. मग तिनं विचारलं, बाबा कसे होते? इंग्रजीत मला एक वाक्य जमेना. ती म्हणाली, मराठीत सांग. मी सांगत राहिले, तिला एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती उठली नाही.

नागपूरला पोचून मी घराच्या दारात उभी राहिले तेव्हा आई आधी मावशीवर चिडली. "काहून सांगतलं तिनं? तुही परीक्षा होती ना वं!" आणि बोलता बोलता खालीच बसली. शेजारच्या काकू म्हणाल्या, इतके दिवस ही रडलीच नव्हती. फोनवर माझ्याशी नीट बोलता यावं म्हणून. जलदानाच्या विधीत बौद्ध भंतेजी गाथा म्हणत होते आणि आम्ही दोघींनी मिळून बाबांच्या नावानं पाणी ओतलं. आईचा हात मी शेवटपर्यंत धरून ठेवला.

पेपर मी नंतर दिले. नोकरीही तिकडेच लागली. आई इंदोऱ्यातच राहिली. मागे राहिलेल्या आईबापांनो, तुम्ही मायेनंच लपवता, हे आम्हाला कळतं. पण मग आम्हाला तुमच्या साध्या 'बरं आहे'चीही धास्ती वाटते. माझ्यासाठी घर म्हणजे आता तेच, जिथलं वाईटसाईटही मला सगळ्यांबरोबर कळतं.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. "मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डॉक्टरच्या इथूनच बोलून राहिली. तू ये, नाही तं नको येऊ, पण तुले माहीत पाहिजे."

तिचं बोलणं संपायच्या आत मी तिकिटं बघायला लागले होते.