सेल नसलेला डबा

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालंय. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही बारीक-मोठं येतं, तेवढं सांभाळून घ्या. नाव छापू नका. भुताखेताचं कुणी काढलं की मी उठून जाणारी बाई... आज स्वतःच लिहायला बसलेय.

चिकलठाण्याला आमची पत्र्याची शेड आहे. माझ्या मालकांनी तिथं वायर कापायचं जुनं मशीन आणलं. मोठ्या नणंदेनं स्वतःच्या बांगड्या मोडून पैसे दिले. मशीन चालवायला त्यांनी विटेएवढा लोखंडी कॉम्प्युटर बसवला — कारखान्यात असतो तसा, ना पंखा, ना आवाज. चार दिवस बसून जुळवणी केली. पण बंद केला की तो तारीख विसरायचा, सुरुवात कुठून करायची ते विसरायचा, आणि इंग्रजीत काहीतरी विचारत तिथंच थांबायचा.

"तारीख-वेळ धरून ठेवणारा आतला सेल मेलाय," ते म्हणाले. "नवा आणतो. मग तू नुसतं बटण दाब, बाकी त्याला मी शिकवलंय."

"आणि पुन्हा विसरला तर?"

"विसरायला तो काय चौथी पास हाय का?"

मी ओला हात त्यांच्यावर झटकला. ते हसत गेले. उस्मानपुऱ्यात दुकानाच्या पायरीवरच कोसळले. दवाखान्यातून कपड्यांची पिशवी तेवढी परत आली. ती मी उघडली नाही.

दीड महिन्यानं शेडमध्ये गेले. मशीन भंगारात द्यायचं ठरत होतं. नणंद बोलायची नाही, पण तिचे रिकामे हात दिसायचे. जाता जाता बटण दाबलं... पडद्यावर चालू दिवसाची तारीख, घड्याळ बरोबर, मशीन तयार! वाटलं, जाण्याआधी कुठला तरी सेल बसवून गेले असतील. तेव्हापासून मी वायर कापते. सकाळी चालू, संध्याकाळी बंद.

सव्वा वर्षानं पडदा लुकलुकायला लागला, म्हणून त्यांचे मित्र सलीमभाई आले. कॉम्प्युटरचा डबा उघडला, आत बोट फिरवून पाहिलं.

"भाभी, इसमें सेलइच नहीं है."

"मग चालतंय कसं?"

"वोइच तो मैं बी सोच रहा. टाइम लेने कू नेट बी नाय इथं."

घरी येऊन पिशवी उघडली. शर्टाच्या खिशात सेल होता. चपटा, रुपयाएवढा. दुकानदाराला नमुना दाखवायला काढून नेलेला.

सलीमभाई नवा बसवतो म्हणाले. मी बसवू दिला नाही. सकाळी बटण दाबताना वाटायचं, कुणीतरी आपल्यासाठी लक्षात ठेवतंय. दिवसभरात तेवढंच एक बरं वाटायचं.

मागच्या मंगळवारी बटण दाबलं. पडद्यावर कुठल्या तरी जुन्या सालची एक जानेवारी, आणि तेच इंग्रजी. मी स्टुलावर बसून राहिले. दोन दिवसांनी सलीमभाईंनी नवा सेल घातला, जुळवणी केली. मशीन चालतं. आता बटण दाबलं की ते सुरू होतं, एवढंच.

हे कसं झालं, सलीमभाईंना सांगता येत नाही, मलाही नाही. फक्त सारखं वाटतं, मी इतकी घाई करायला नको होती. आदल्याच दिवशी, सोमवारी संध्याकाळी, मी नणंदेच्या हातात बांगड्यांचे शेवटचे चार हजार ठेवले होते. तिचे सगळे पैसे फिटले.